माळ काढून ठेवली, आता पुन्हा घालावी का?

प्रश्न थोडक्यात असा. बार्शी भागातल्या एका ताईंचा नऊ वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. घराणं माळकरी, मालक आषाढी-कार्तिकी न चुकवणारे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली माणसं. मुलगा गेल्यापासून ताईंनी गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आहे. संध्याकाळी हरिपाठाला बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही. चुलत सासूबाई म्हणतात मागच्या जन्मीचं असेल, नातेवाइकांपैकी कुणी म्हणतं नवस फेडायचा राहिला असेल, कुणी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा म्हणतं. मालक मात्र पहिल्यासारखे कीर्तनाला जातात, त्याचाही राग येतो. त्या विचारतात, आमचं काय चुकलं? आणि ज्याने हे होऊ दिलं त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

ताई, मी कीर्तनकार आहे. आळंदीला शिकलो, आणि कीर्तनांपेक्षा दशक्रियेची प्रवचनंच जास्त केली असतील. घाटावर एकीकडे पिंड मांडलेले, कावळ्याची वाट बघत भाऊबंद उभे, दुसरीकडे सतरंजीवर बायामाणसं बसलेली, मधेच कुणीतरी श्रद्धांजलीच्या नावाखाली माइक धरून राजकारण बोलतंय, अशा जागी उभं राहून बोलायचं असतं. ऐंशीतले आजोबा पतवंडं बघून गेले असतील तर बोलणं जड जात नाही. लेकरू गेलेलं असेल तर पाऊण तासाचं प्रवचन मी दहा मिनिटांत आटोपतो. त्या आईला त्या दिवशी काही ऐकू येत नसतं, आणि बाकीच्यांना वैराग्य शिकवायला तिचं दुःख वापरणं मला पटत नाही. तुम्ही मात्र स्वतःहून विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘आमचं काय चुकलं’ हे. काही चुकलं नाही. समजूत घालायची म्हणून म्हणत नाही. लहान मुलांना रक्ताचा कर्करोग नेमका कशाने झाला हे बहुतेक वेळा डॉक्टरांनाही सांगता येत नाही, आणि आईने कुठला उपास मोडला किंवा बापाची कुठली एकादशी चुकली म्हणून तर तो नक्कीच होत नाही. नवसाचा निकाल तुकोबांनी केव्हाच लावून ठेवलाय: ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥’ नवसाने पोर होत नसेल तर नवस राहिला म्हणून पोर जातही नाही. राहिलेल्या नारळापायी नऊ वर्षांचं लेकरू उचलून नेणारा कुणी असेल तर तो खंडणीखोर झाला. त्याला विठोबा कशाला म्हणायचं?

नागबळीबद्दल एवढंच. तीन दिवसांचा विधी आहे, ज्यांना त्यातून समाधान मिळतं त्यांच्या आड मी येत नाही. पण भीतीपोटी आणि उसनवारी करून नको. दवाखान्यात तुमचं घर आधीच धुऊन निघालं असेल. निदान वर्षभर असला कुठलाही खर्चाचा निर्णय घेऊ नका, आणि ‘नाही केलं तर दुसऱ्या लेकरालाही त्रास होईल’ असं जो म्हणेल त्याला परत दारात उभं करू नका.

मागच्या जन्माचं मात्र जरा खोलात जाऊन सांगावं लागेल, कारण ते आपल्या शास्त्रातच आहे आणि मी ते नाकारू शकत नाही. संचित, प्रारब्ध, क्रियमाण, म्हणजे साठलेलं, भोगायला आलेलं आणि आता करतोय ते कर्म, हे मी स्वतः शिकलोय, शिकवलंय. पण ज्या गीतेच्या आधारावर लोक बोलतात त्याच गीतेत, चौथ्या अध्यायात, भगवान म्हणतात, ‘गहना कर्मणो गतिः’. कर्माची गती गहन आहे. भगवान अर्जुनाला असं सांगतात, आणि तुमच्या चुलत सासूबाईंना ती पिंडाशेजारी उभ्या उभ्या वाचता येते? कर्माचा विचार ज्याने त्याने स्वतःपुरता करायचा, पुढे कसं वागायचं ते ठरवण्यासाठी. दुसऱ्याच्या मेलेल्या पोरावर तो लावायचा अधिकार कुणालाही नाही, कीर्तनकाराला तर मुळीच नाही.

१९९३ साली किल्लारीला भूकंप झाला. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती बोळवून लोक झोपलेले. हजारो माणसं गाडली गेली. तेव्हाही ‘त्या भागात पाप फार वाढलं होतं’ म्हणणारे निघालेच. पाळण्यातल्या पोरांनी कुठलं पाप केलं होतं ते मात्र कुणी सांगितलं नाही. माणसं मेली ती मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वरची जडशीळ माळवदं अंगावर आल्यामुळे. पुढे नवी गावं वसवताना घरं बांधायची पद्धत बदलली ती म्हणूनच.

आणि आपल्याच संप्रदायात या प्रश्नावर बाप-लेकाचं एकमत नाही, हे लोकांना माहीत नसतं. मंगळवेढ्याचे चोखोबा. देवळात पाऊल टाकायची बंदी, बडव्यांचा मार, आणि शेवटी शके १२६० मध्ये गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ढिगाऱ्याखाली मरण. एवढा नामधारक, आणि मरण हे असं. चोखोबा एका अभंगात आपल्या वाट्याला आलेल्या विटाळाचं कारण पूर्वजन्मात शोधतात. आम्हाला हे पूर्वीचं फळ, असं म्हणून मोकळे होतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा. त्याने बापाचं उत्तर घेतलं नाही. तो सरळ देवालाच धरतो: ‘आमुची केली हीन याति । तुज कां न कळे श्रीपति ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमच्या चित्ता ॥’ देवाला ‘लाज वाटत नाही का’ म्हणणाऱ्या या पोराचे अभंग वारकऱ्यांनी फेकून दिले नाहीत. बापाच्या शेजारी ठेवले. मला विचाराल तर मी लेकाच्या बाजूचा.

इथे एक फरक करून ठेवतो. माणसांनी माणसांवर लादलेलं दुःख वेगळं. त्यावर देवाला कारण विचारत बसायचं नसतं, ते मोडायचं असतं. म्हणून १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि चोखोबांच्या माणसांना विठ्ठलाच्या देवळाचा दरवाजा उघडला गेला, चोखोबांच्या मरणानंतर सहाशे वर्षांनी. बाबासाहेबांनी तर अस्पृश्यतेच्या उगमावरचा १९४८ सालचा आपला ग्रंथ तमिळ संत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळ्याच्या स्मृतीला अर्पण केला, आणि १९५६ साली तो धर्मच सोडला. त्यांना श्रद्धा टिकवता आली नाही असं म्हणणारा माणूस मूर्ख. तुमचं दुःख त्या प्रकारचं नाही. तिथे मोडायला समोर कुणी नाही, म्हणून ते सगळं वळून देवाकडे जातं.

मग देवाने थांबवलं का नाही? ताई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या गुरूंकडेही नव्हतं, आणि त्यांनी तसं कबूल केलं म्हणून मी त्यांच्याकडे टिकलो. ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं त्यांच्या घरचं लेकरू बहुधा गेलेलं नसतं. मी एवढ्या वर्षांत जे पाहिलं ते असं, की कारणाच्या मागे लागलेल्यांची श्रद्धा लवकर जाते. कारण सापडत नाही, आणि सापडलं असं वाटलं तरी ते दुसऱ्या रात्री पुरत नाही. ज्यांनी कारण शोधणं सोडून देवाशी भांडण चालू ठेवलं, ते पुष्कळदा राहतात.

भांडण म्हणजे खरंखुरं भांडण. जनाबाईच्या नावावरचा अभंग तुम्हाला ठाऊक असेल: ‘अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या ॥’ पुढे ती त्याच्या बायकोला रंडकी करते, त्याचं मढं काढते, आणि शेवटी नाव सांगते, अंगणात उभी राहून शिव्या देणारी दासी जनी. कीर्तनात हा अभंग निघाला की लोक हसतात, कौतुक करतात, जनाई लाडकी म्हणून. मला नाही वाटत ती लाडात आली होती. आणि तुकोबांचा ‘माझे लेखीं देव मेला’ हा अभंग तर आम्ही कीर्तनकार सहसा सेवेला घेतच नाही, चुकून घेतलाच तर सावरून घेण्यात सगळा वेळ घालवतो. गाथ्यात तो आहे. छापलेला आहे. त्याच्या पुढच्या पानांवर परत विठ्ठलाचं नाव आहे.

तुम्हाला दहाव्याला किंवा तेराव्याला कुणीतरी नक्की ऐकवलं असेल: ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें’. किंवा त्याहून वाईट, ‘पोर मेलें बरें जालें । देवें मायाविरहित केलें’. शब्द तुकोबांचेच आहेत, पण हे त्यांनी स्वतःच्या पोराबद्दल म्हटलंय, स्वतःच्या तोंडाने. शेजारच्या घरी जाऊन कुणा बाईला ऐकवलेलं नाही. ‘बरें जालें’ हे ज्याचं गेलं त्याने म्हणायचं असतं, म्हणावंसं वाटलं तर, वाटेल तेव्हा. दुसऱ्याने म्हटलं की तीच ओळ शिवी होते. माझ्या ओळखीच्या तरुण कीर्तनकारांना मी हे हात जोडून सांगत असतो. तसंच गोरोबाकाकांचं आख्यान. तेर तुमच्याकडून जवळच. चिखलात तुडवलं गेलेलं बाळ शेवटी रांगत परत येतं. गावजत्रेत सांगा, सप्त्यात सांगा. पण लेकरू गेलेल्या घरी ती कथा सांगितली की ती आई एकच विचार करते, त्यांचं आलं, माझं का नाही. तिचा तो प्रश्न रास्त असतो.

तुकोबांचं पोर परत आलं नव्हतं. १६३० ते ३२ चा तो दुष्काळ, तुकोबा ऐन विशीत. थोरली बायको रखमाबाई अन्न अन्न करत गेली, लेक संतू गेला, त्याआधी आईबाप गेलेले, दुकान बुडालेलं. कुणी ‘तुकोबांसारखं सोसा’ म्हणालं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकदम शांत, टाळ-वीणा घेतलेले तुकोबा येतात. मधली वाट कुणी बघत नाही. ती वाट त्यांनीच ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ या अभंगात लिहून ठेवली आहे, आणि लेकरू गेलेल्या आईबापांना मी शेवटी तोच अभंग वाचायला सांगतो, चाल न लावता, नुसता वाचायला.

त्यातला क्रम बघा. आधी ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ लगेच पुढे लाज. ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’. दुःखाबरोबर लाज येते, हे ज्याने भोगलंय त्यालाच सुचेल. तुम्ही लग्नाकार्याला जायचं टाळत असाल ना, ती हीच. त्यानंतर वैराग्य नाही, साक्षात्कार नाही. त्यानंतर येतं देऊळ. ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥’ वाडवडिलांचं पडकं देऊळ उभं करायचं काम हाती घेतलं. मग एकादशीचं कीर्तन सुरू केलं, आणि तिथे ते काय कबूल करतात? ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. चित्त नव्हतं. जगद्गुरू म्हणतात, कीर्तन करत होतो पण त्यात मन नव्हतं. मग काही संतांची वचनं पाठ केली. आणि मग: ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’. पुढे जे गातायत त्यांचं ध्रुपद धरायचं.

तुम्हाला तोंडातून शब्द फुटत नाही याचं वाईट वाटतं. तुकोबांनी सुरुवात तिथूनच केली. स्वतःचं गाणं नव्हतं तेव्हा दुसऱ्याच्या मागे नुसतं पालुपद म्हणत उभे राहिले. किती वर्षं ते त्यांनी लिहिलेलं नाही.

सप्त्यात वीणा तुम्ही पाहिली असेल. सात दिवस ती खाली टेकवत नाहीत. पहारे लावलेले असतात. रात्रीच्या दोनच्या पहाऱ्याला मंडपात जिकडे तिकडे माणसं झोपलेली असतात, स्पीकर बंद, आणि एक जण वीणा गळ्यात अडकवून पुटपुटत उभा असतो. त्याचे पाय भरून येतात, डोळे मिटतात. पहारा बदलताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, या गळ्यातली वीणा त्या गळ्यात जाते, आणि उतरलेला माणूस घोंगडी ओढून झोपतो. तो झोपला म्हणून कुणी त्याला नास्तिक म्हणत नाही. ताई, तुमचा पहारा सध्या दुसरं कुणीतरी देतंय. गावात हरिपाठ चालू आहे, तो तुमच्या वाट्याचाही आहे. मागे भिंतीला टेकून बसा, म्हणू नका. बसवत नसेल तर घरात बसून ऐका, ऐकवत नसेल तर दार लावून घ्या.

मालकांचं. ते कीर्तनाला जातात म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं नसतं. बरेच बाप मी पाहिलेत, घरात बसवत नाही म्हणून देवळात येऊन बसतात. टाळ हातात असला की कुणी काही विचारत नाही, आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी लोकांना ते भजनातलं वाटतं. तुम्हाला मात्र स्वयंपाकघरातच राहायचं असतं, जिथे त्याचा शाळेचा डबा अजून मांडणीवर आहे. राग येणारच. त्यांना एकच सांगा: मला अभंग समजावून सांगू नका, आणि त्याचं नाव घेणं बंद करू नका. लेकरू गेलं की घरातली माणसं त्याचं नाव घ्यायचं टाळतात, आईला त्रास होईल म्हणून. आईला त्रास उलट त्याने होतो. जेवताना ‘त्याला शेंगदाण्याची चटणी लागायची’ एवढं कुणी बोललं तरी घास उतरतो. डबा कुणाला उचलू देऊ नका, तुम्हाला उचलावासा वाटेपर्यंत.

झोप अजिबात लागत नसेल, अन्न जात नसेल, आपणही त्याच्यामागे जावं असं मनात येत असेल, तर तालुक्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं. हरिपाठाने औषधाचं काम होत नाही, आणि गोळी घेतल्याने नामाला कमीपणा येत नाही. ‘देवावर सोडा, डॉक्टर कशाला’ असं सांगणारे महाराज मला माहीत आहेत. त्यांना स्वतःला साखर आहे आणि गोळी चुकवत नाहीत.

आता माळेचं. माळ काढल्याचं पाप लागलेलं नाही. रागाने काढलीत, पण उकिरड्यावर टाकली नाहीत, देव्हाऱ्यात ठेवलीत, यावरून मला जे कळायचं ते कळलं. पुन्हा घालावीशी वाटली तर मुहूर्त किंवा महाराज शोधत बसू नका, मालकांच्या हातून घ्या नाहीतर आपल्या हाताने गळ्यात घाला. एकादशी, हरिपाठ हे नेम तेव्हा पुन्हा धरा, जमतील तेवढे. नाही वाटली, वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, तरी तिथेच असू द्या. काही जणांना ती पुन्हा कधीच घालावीशी वाटत नाही, अशीही घरं मला माहीत आहेत. त्यांच्या पोराच्या वर्षश्राद्धाला मी जातो, चहा पितो, अभंगाचा विषय काढत नाही.

यंदा आषाढीला या असा आग्रह मालक करतील. त्या गर्दीत आणि दिंडीतल्या ‘किती मुलं’ या चौकशीत तुम्ही सध्या जाऊ नये असं मला वाटतं. पंढरीला जावंसं वाटलंच तर एकादशी, सुट्टी टाळून मधल्या एखाद्या दिवशी दोघंच जा. आत जावंसं वाटलं नाही तर रांगेला लागू नका. महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पुढ्यात, बाहेरच चोखोबांची समाधी आहे. तिथपर्यंत जाऊन, जे बोलायचं ते बोलून मागे फिरलात तरी चालेल. बार्शीहून कुर्डूवाडीमार्गे सकाळची एसटी धरली तर संध्याकाळपर्यंत घरी येता येतं.